रेघ ओढणारा हात, रंधा मारणारा हात



आजचा विषय पत्रिकेवर 'समकालीन रचना आणि कारागिरी' असा छापला आहे. मुंबई-पुण्याच्या सभागृहात या विषयावर बोलायचं झालं, तर इटलीच्या खुर्च्यांपासून सुरुवात होते. पातुरात तशी गरज नाही. या गावाच्या डोंगरात लेणी आहेत, आणि आज मला जे सांगायचं आहे त्याचा पहिला धडा तिथेच कोरलेला आहे. लेणं वरून खाली कोरतात. आधी छत, मग खांबाचा माथा, मग खांब आणि शेवटी जमीन. म्हणून परांची लागत नाही. पायाखालचा न कोरलेला दगड हीच उभं राहायची जागा असते. पण त्यासाठी पहिला घाव घालणाऱ्याच्या मनात शेवटची पायरी तयार असावी लागते. एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच : हा पहिला घाव घालणारा माणूस पाथरवट होता की वास्तुरचनाकार? त्या काळी हा प्रश्न कुणाला पडला असता का?

आज तो पडतो. कारण आज रेघ ओढणारा हात वेगळा आणि रंधा मारणारा हात वेगळा. एक शहरात, वातानुकूलित खोलीत. दुसरा साइटवर, उन्हात. दोघांची भेट होत नाही. माझं आजचं म्हणणं असं आहे की आपल्या घरांचं, फर्निचरचं, रोजच्या वस्तूंचं जे काही बिघडलं आहे, त्यातलं बरंचसं या दोन हातांमधल्या अंतरामुळे बिघडलं आहे. आणि जिथे कुठे हे अंतर कमी झालं, तिथे चांगलं काम उभं राहिलं आहे. आपल्या विदर्भातही.

सुरुवात तिफनीपासून करतो. सभागृहात शेतकरी आहेत, त्यांनी माझं काही चुकलं तर थांबवावं. तिफन म्हणजे काय? बाभळीचं खोड, त्याला तीन फण, प्रत्येक फणामागे बांबूची पोकळ नळी, आणि या तिन्ही नळ्या वर जिथे एकत्र येतात तिथे लाकडी चाडं. चाड्यात मुठीतून बी सोडायचं. बी तीन वाटांनी सारखं उतरलं पाहिजे, फणाने उघडलेल्या ओलीतच पडलं पाहिजे. चाड्याची भोकं थोडी वाकडी झाली तर एक तास, म्हणजे पेरलेली ओळ, दाट आणि एक विरळ. फणाचा कोन चुकला तर बी वर राहतं आणि पाखरं खातात. आणि गोष्ट इथे संपत नाही. तिफनीच्या दोन फणांत जेवढं अंतर, त्याला जुळेल एवढीच तण काढायच्या डवऱ्याची पास हवी, नाहीतर निंदणाऐवजी पीकच कापलं जाईल. डवरताना बैल दोन तासांच्या मधून चालले पाहिजेत, म्हणून जूही त्याच मापाचं. पेरणीपासून डवरणीपर्यंत सगळी अवजारं एकाच मापाच्या नात्यात बांधलेली. आजच्या रचनाशास्त्राच्या पुस्तकांत याला 'सिस्टिम डिझाईन' म्हणतात आणि पदव्युत्तर वर्गात शिकवतात. वऱ्हाडात ते सुताराच्या अंगणात होत होतं.

कसं होत होतं? शेतकरी अवजार घेऊन यायचा आणि सांगायचा, भाऊ, हा फण जड चालतो. सुतार त्याच्यादेखत पाचर बदलायचा, वाकसाने दोन छिलके काढायचा, लोहाराकडून फाळ पाजून आणायला सांगायचा. पुढच्या हंगामात पुन्हा भेट. वापरणारा, आखणारा आणि घडवणारा हे तिघे एका हाकेच्या अंतरावर. वस्तू दरवर्षी थोडी सुधारायची आणि गावाच्या मातीप्रमाणे बदलायची. पूर्णेकाठच्या काळ्या चोपण जमिनीतलं अवजार आणि इथल्या डोंगरपायथ्याच्या मुरमाड जमिनीतलं अवजार एकसारखं कसं असेल?

अशा घडणीची थोरवी बाहेरच्यांनाही दिसली होती. १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारतात फिरलं. प्लायवूडच्या खुर्च्यांमुळे जगभर नावाजलेले हे दोघे. त्यांनी सरकारला जो अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त आदराने कशाबद्दल लिहिलं असेल? ताजमहालाबद्दल? नाही. लोट्याबद्दल. लोटा घडवायचा म्हटलं तर किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच दिली. त्यात पाणी किती मावतं, तो रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, कडेवर आणि डोक्यावर कसा बसतो, धार कशी पडते, हात आत घालून घासता येतो का, आपटला तर आवाज कसा येतो, किंमत काय पडते, असं सगळं होतं. आणि निष्कर्ष असा की असा लोटा कुणा एका माणसाला रचता येणार नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडला. खुर्च्यांसाठी गाजलेली माणसं आपल्या लोट्यासमोर नमतात, आणि आपण मात्र त्याच दशकांत लोटे मोडीत घालून प्लास्टिकचे जग घेत होतो.

इथे मला थोडं थांबून एक कडू गोष्ट सांगायची आहे. जुन्या कारागिरीची स्तुती करताना वक्ते हमखास एक गोष्ट गाळतात. जपानमध्ये यानागी सोएत्सू नावाचे मोठे विचारवंत होऊन गेले. अनाम कारागिराच्या साध्या वस्तूंमधलं सौंदर्य त्यांनी जगाला दाखवलं आणि १९३६ साली तोक्योत अशा वस्तूंचं संग्रहालय उभारलं. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण अनामपणाचा त्यांनी केलेला गौरव मी वऱ्हाडात जसाच्या तसा घेऊ शकत नाही. आपल्याकडे कारागीर अनाम राहिला तो जातीमुळे. सुताराचा मुलगा सुतार, बुरुडाचा मुलगा बुरूड. बलुतं खळ्यावर मिळायचं, आणि किती मिळेल ते खळ्याचा मालक ठरवायचा. आपल्या कामाची किंमत सांगायचा हक्क घडवणाऱ्याला नव्हता. ज्याने सूप विणलं त्याला घराच्या ओसरीखाली उभं करून सूप घेतलं जायचं, आणि त्याच सुपातून पाखडलेलं धान्य देवघरात जायचं. तेव्हा मी जे परत मागतो आहे ते बलुतं नाही. हाकेचं अंतर परत हवं, पण बरोबरीचं. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमसंपत्तीला स्वतंत्र अध्याय दिला, तो उगाच नाही.

आता या दोन हातांच्या फाळणीविषयी. रेघ आणि रंधा कधी वेगळे झाले? मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे लॉकवूड किपलिंगसारखे शिक्षक आले. त्यांना इथल्या कारागिरीविषयी मनापासून प्रेम होतं. पण सरकारी बांधकाम खात्याची पद्धत निराळी होती. नकाशा कचेरीत तयार व्हायचा आणि कारागिराला मिळायचा तो हुकूम. त्याने फक्त अंमल करायचा. या पद्धतीने आपल्याला रेल्वे स्थानकं मिळाली, कचेऱ्या मिळाल्या, विश्रामगृहं मिळाली, आणि त्यांतली कितीतरी बांधकामं आजही भक्कम आहेत. पण कारागिराला विचार करण्याचं काम उरलं नाही. स्वातंत्र्यानंतर ही रीत मोडायला हवी होती. आपण ती आणखी घट्ट केली.

शेजारच्या बाळापूरला जा आणि किल्ल्याची विटेची तटबंदी बघा. अठराव्या शतकाच्या मध्यावर पुरा झालेला हा किल्ला. ती वीट, तो जोड! किंवा अकोटच्या पुढे नरनाळ्यावर जा, १४८७ सालचा महाकाली दरवाजा बघा. दगडात कमळं आणि अक्षरं एकाच हाताने उमटल्यासारखी वाटतात. मग आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही नव्या सरकारी इमारतीचा कोपरा बघा. दोन्हींत पैशाचा फरक नाही. त्या काळच्या तुलनेत आज आपल्याकडे सिमेंट आहे, लोखंड आहे, मोजमापाची यंत्रं आहेत. आज नाही तो फक्त भिंत ओळंब्यात आली की नाही याची लाज किंवा अभिमान वाटणारा माणूस.

घरांचंही तेच. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा मुलखात आपले आजे-पणजे काय बांधत होते? धाब्याचं घर. सागाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गरिबाचं घर पऱ्हाटीच्या नाहीतर तुराटीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर कवेलू. या घरांना दर पावसाळ्याआधी डागडुजी लागायची, साप-विंचू निघायचे, धाबं गळायचं. मी त्यांची भलामण करून कुणाला त्यात परत राहायला सांगणार नाही. पण मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत यायला रात्र करतो, हे ज्ञान त्यात होतं. आज आपण काय केलं? चार इंची काँक्रीटचा स्लॅब, वर सावली नाही. दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत पलंगावरच्या माणसावर उष्णता सोडतो. नकाशा कोकणातल्या घराचा असो की अकोल्याच्या, स्लॅब तोच. रेघ ओढणाऱ्याने वऱ्हाडातली रात्र त्या स्लॅबखाली काढलेली नसते.

मग या स्लॅबखाली जगायचं कसं? यावर आपण उत्तर शोधलं, आणि ते उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. कूलर! पत्र्याची चौकोनी बॉडी, तीन बाजूंना वुडवूलचे पॅड, तळाशी पाण्याची टाकी, छोटा पंप, समोर पंखा. नगराच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट मारून तो तयार होतो. कुणाची खिडकी अडीच फुटी, कुणाची तीन फुटी. कारागीर माप घेऊन त्याप्रमाणे करून देतो. खारपाणपट्ट्यातलं पाणी पत्रा खातं, म्हणून तळाला डांबरी रंगाचा हात मारतो. क्षाराने पॅड कडक होतात, म्हणून ते दर उन्हाळ्यात बदलता येतील अशी जाळी ठेवतो. पंप गेला तर पंप बदला, पंखा गेला तर पंखा बदला, बॉडी तीच. लोक हसतील, पण मी पूर्ण विचार करून सांगतो : वऱ्हाडात आज तिफनीचा खरा वारस कूलर आहे. इथे वापरणारा, आखणारा आणि घडवणारा पुन्हा हाकेच्या अंतरावर आले. एकाही डिझाईन महाविद्यालयाने या वस्तूकडे नीट पाहिलेलं मला दिसत नाही. त्यात दोष आहेत. आवाज फार, पाणी फार, विजेचा धोका तर आहेच. दर उन्हाळ्यात ओल्या कूलरला हात लागून माणसं दगावतात. म्हणूनच शिकलेल्या रचनाकाराने त्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला हवं. अर्थिंग कसं सोपं करता येईल, पंखा शांत कसा होईल, हे प्रश्न त्या कारागिराबरोबर सोडवायला हवेत. याहून समकालीन काम ते कोणतं?

याच्या उलट घरातलं फर्निचर बघा. सुताराला फोनवर चित्र दाखवतात : असं करून द्या. चित्र कुठल्या तरी थंड देशातलं. तो एमडीएफ आणतो, वर लॅमिनेट चिकटवतो. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्या दाबलेल्या भुशात पुन्हा पकड घेत नाही. सागाचा पाट पन्नास वर्षांनी रंधा मारून नवा होतो, हे कपाट मात्र दुरुस्तच होत नाही, टाकून द्यावं लागतं. त्या सुताराच्या हातात कसब नाही असं नाही. कसब वापरायची संधी त्याला कुणी देत नाही.

आता जिथे हे अंतर मिटवलं गेलं, अशा जागांकडे वळतो, आणि त्यासाठी वर्ध्याला जातो. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी तिथे घरं उभारली. त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं घर पुढे बापूंची कुटी झालं. माती, बांबू, शिंदीच्या पानांचे तट्टे, वर कवेलू. साहित्य आसपासचं असावं आणि खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवावा, असा गांधीजींचा आग्रह होता. भिंतीवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवला आहे. तिथल्या वस्तू बघा. बसकं मेज, आणि साप पकडून लांब सोडून देण्यासाठी केलेला लाकडी चिमटा आणि पिंजरा! साप मारायचा नाही हे ठरलं, आणि त्या ठरावाला शोभणारी वस्तू सुताराने केली. एखादं मूल्य लाकडात उतरतं कसं, याचं एवढं नेमकं उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही. १९७८ साली इव्हान इलिच हे तत्त्ववेत्ते सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांनी या झोपडीवरच व्याख्यान दिलं.

पण सेवाग्राम म्हणजे फक्त एक झोपडी असं आपण मानलं, तर फार मोठी चूक होईल. १९३४च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं केंद्र वर्ध्याची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक. घाणी, चुली, कागद, दिवे यांवर तिथे प्रयोग होत होते. खेड्यातल्या तेलावर चालणारा मगनदीप तिथलाच. १९३८च्या डिसेंबरमध्ये मगन संग्रहालय सुरू झालं. मगनवाडी म्हणजे त्या काळची डिझाईनची प्रयोगशाळाच होती, आणि ती अहमदाबादच्या संस्थेच्या किती आधीची! आपल्या शिकलेल्या मुलांना ईम्सचं नाव माहीत असतं, कुमारप्पांचं नसतं. याचं मला दुःख वाटतं. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं. तिथे कुंभाराच्या चाकावर एका तोंडाला निमुळती असलेली नळी घडवतात, भाजतात, एकात एक बसवून कमान करतात आणि त्या कमानींचं छप्पर होतं. लाकूड नाही, लोखंड नाही. नळ्यांतली हवा उष्णता अडवते. छपराची मजुरी आणि मालाची किंमत, दोन्ही कुंभाराच्या आणि गवंड्याच्या घरात जातात.

दुसरी जागा मेळघाट. धारणी तालुक्यातलं लवादा. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभारलं, आणि कोरकू तरुण-तरुणींच्या हातून फर्निचर, घरं, वस्तू, राख्या घडू लागल्या. सुनील देशपांडे २०२१ साली करोनाकाळात गेले. आज त्यांचं नाव घेताना मला कृतज्ञता वाटते. बांबू हा मोठा चोखंदळ माल आहे. एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला तीन वर्षं लागतात. कोवळा तोडला तर पिष्ट जास्त, आणि पिष्टावर भुंगा येतो. म्हणून पक्का बांबू हिवाळ्यात तोडायचा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा. हे न करता घेतलेली बांबूची खुर्ची वर्षभरात पीठ गाळते, आणि लोक म्हणतात बांबू टिकत नाही. मुरवलेला बांबू टिकतो. न टिकणारी गोष्ट आपली घाई आहे.

पण कारागिराच्या हातात कौशल्य असून भागतं का? १९२७च्या वन कायद्यात बांबू झाड म्हणून नोंदला होता. म्हणजे आपल्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही वाहतूक परवाना. ही अडचण २०१७ साली कायदा बदलून दूर केली. तोपर्यंत नव्वद वर्षं गेली होती. जंगलातल्या बांबूसाठी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला आपला हक्क मिळवावा लागला. २०११ साली त्या ग्रामसभेच्या हातात वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. टोपली किती सुंदर विणली जाईल, हे कधी कधी विणणाऱ्याच्या बोटांपेक्षा वनखात्याच्या कागदावर ठरत होतं. रचनेवर बोलणाऱ्यांनी कायदाही वाचला पाहिजे, तो यासाठी.

विदर्भाबाहेरचं एक आशेचं उदाहरण देतो. अलिबागजवळ बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई' या कार्यशाळेत वास्तुरचनाकार, सुतार आणि गवंडी एकाच आवारात काम करत. नकाशाबरोबर खरा, मोठ्या मापाचा नमुना व्हायचा, आणि सुताराने नमुन्यावर सांगितलेला बदल नकाशात उतरायचा. रायगडमधल्या नांदगावचं पामायरा हाऊस, ताडाच्या लाकडाच्या झडपांचं, असंच झालं. २०१० साली व्हेनिसच्या वास्तुप्रदर्शनात त्यांनी आपली कार्यशाळाच मांडली. हे काम सुंदर आहे. पण ते श्रीमंतांच्या सुट्टीच्या घरांसाठी झालं, हेही खरं. तीच रीत पातूरच्या शाळेसाठी का वापरू नये? त्या रीतीला ताडाचं लाकूड लागत नाही. एकत्र बसणं लागतं.

चंडीगडचीही आठवण ठेवा. वास्तुरचनाकार पिएर झानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या, स्थानिक सुतारांनी त्या घडवल्या. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या. परदेशी दलालांनी कवडीमोलाने उचलल्या, आणि आज विदेशी लिलावांत त्या लाखो रुपयांना जातात. झानरेंचं नाव प्रत्येक खुर्चीसोबत जातं. सुतारांचं? एकाचंही नाही. आपल्या भंगारात आज काय पडलं आहे, हे एकदा बघा.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, त्यांत सुतार, लोहार, कुंभार, पाथरवट, गवंडी, टोपल्या विणणारे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षण, पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. चांगलं आहे. पण कारागिराला अवजारापेक्षा जास्त गरज कामाची असते. कर्ज काढून रंधायंत्र घेतलं आणि शाळेचे बेंच मात्र दूरच्या कारखान्यातून ट्रकने आले, तर हप्ता कुठून भरायचा?

म्हणून माझी मागणी साधी आणि मोजकी आहे. पातुरातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी या वर्षी तिफन, डवरा, बाज, सूप, बैलगाडीचं चाक यांची मापं घेऊन नकाशे काढावेत. ज्यांच्या घरी ही अवजारं आहेत, त्यांच्याकडून वापरण्याची रीत लिहून घ्यावी. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी एक उन्हाळा कूलरच्या वर्कशॉपमध्ये काढावा. आणि शाळेचे पुढचे बेंच गावात व्हावेत. सुतार, वेल्डिंगवाला, शिक्षक आणि एक रचनाकार यांनी मिळून पहिला नमुना करावा. मुलांना महिनाभर त्यावर बसवावं. पाठ दुखते का, दप्तर कुठे ठेवतात, कुठला कोपरा लागतो, हे विचारावं. मग नमुना सुधारून बाकीचे करावेत. प्रत्येक बेंचाखाली घडवणाऱ्याचं नाव, वर्ष आणि फोन नंबर कोरलेला असावा. पाय डुगडुगू लागला की मुख्याध्यापकांनी त्या नंबरावर फोन करावा, आणि दुरुस्तीची मजुरी ठरलेल्या दराने त्याच दिवशी द्यावी. नगरपरिषदेचे सदस्य सभागृहात बसले आहेत, म्हणून त्यांना इथेच विचारतो : निविदेत घडवणाऱ्याचं नाव आणि दुरुस्तीची मजुरी ही दोन कलमं घालायला पुढच्या सभेत तुम्हाला अडचण काय आहे?